छतातली फळी

"निसर्गाइतका मोठा इंजिनिअर जगात झाला नाही," असं जाहीर करून आर्किटेक्ट साहेबांनी हातातलं अंडं पाहुण्यांसमोर उंच धरलं. "कवच कागदाएवढं, पण दोन्ही टोकांकडून कितीही दाबा, फुटणार नाही."

त्यांनी दाबलं. बलक मनगटावरून ओघळून घड्याळात शिरला.

"अंगठी काढायची राहिली, साहेब," सेंट्रिंगचे मिस्त्री हळूच म्हणाले आणि त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

नव्या वाचनालयाचं छत अंड्याच्या कवचावरूनच बेतलं होतं. साठ फूट रुंद, मध्ये एक खांब नाही, जाडी जेमतेम चार बोटं. ते अजून मिस्त्रींच्या टेकूंवर होतं आणि टेकू आज काढायचे होते.

मिस्त्रींचा धंदा तसा चमत्कारिक. फळ्यांचा साचा बांधायचा, त्यात लोकांनी काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की साचा पाडायचा. काम जितकं चोख, तितकं ते लवकर नाहीसं. चाळीस वर्षांत निम्मं शहर त्यांच्या खांद्यावर उभं राहिलं, पण बायकोला बोट करून दाखवावं असं त्यांचं स्वतःचं काही शिल्लक नव्हतं. हे शेवटचं काम, म्हणून आज ते तिला घेऊन आले होते. छत राहिलं तर तिला दाखवता येईल. पडलं तर दाखवायला तेही नसतील, कारण टेकू निघताना साचा बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं, हा त्यांचा नेम.

"कडेपासून सुरू करा," इंजिनिअर बाई कागद बघत म्हणाल्या. "तिथे हात पोचतो."

"नाही बाई. आधी मधले, मग सरकत सरकत बाहेर."

"कागदावर कडेपासून आहे."

"कागद खाली उभा राहणार आहे का? कडेचे आधी काढले तर सगळं ओझं मधल्यांवर लटकेल. कवचाला लटकायची सवय नसते, टेकायची असते."

बाईंनी कागद पालथा करून त्यावर काहीतरी गणित मांडलं, ते दोनदा तपासलं आणि मूळ ओळ खोडली. "मधून," त्या म्हणाल्या. "बरं झालं बोललात."

मिस्त्री आत गेले. मागोमाग बायकोही.

"तू बाहेर थांब."

"आणि पडलं तर मी घरी एकटी कुणाशी भांडू?"

मधले टेकू सैल झाले, मग त्यांच्या भोवतालचे, मग कडेचे. छत सूतभर खाली आलं आणि थांबलं, पोटभर जेवून माणूस खुर्चीत टेकावा तसं. टाळ्या झाल्या. त्या आर्किटेक्ट साहेबांनी नम्रपणे स्वीकारल्या.

दुपारपर्यंत फळ्याही उतरल्या. काँक्रीटवर त्यांच्या रेषा, गाठी, सगळं जसंच्या तसं उमटलं होतं. एका कडेला छत डोक्याइतकं खाली येतं, तिथे अकरा बारीक उंचवटे ओळीने उठले होते.

"ही लय," साहेब पाहुण्यांना म्हणाले, "आम्ही शिंपल्यावरून घेतली."

"तो माझा गॅस आहे," मिस्त्रींची बायको म्हणाली.

पाहुणे वळले.

"नवा सिलिंडर लावला की मी मांडणीच्या फळीवर सुरीने खाच मारते. ही सहावी तिरकी. त्या दिवशी मी यांच्यावर चिडले होते." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, त्या फळीला वाळवी लागली म्हणून टाकली ना तुम्ही?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "ओतायच्या दिवशी एक फळी कमी पडली. काँक्रीटच्या गाड्या दारात उभ्या. काय करणार?"

इंजिनिअर बाईंना हसू आवरेना. साहेबांनी बोटाने मोजून सहावा उंचवटा पाहिला. मग ते म्हणाले, "ताई, तुमच्या खाचा आता शंभर वर्षं राहतील इथे."

तिने अकराही उंचवट्यांवरून सावकाश हात फिरवला. मग मान वर करून ते सगळं राखाडी छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मिस्त्री छताकडे न बघता तिच्याकडेच बघत होते.

"चांगलं केलंत हो," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच. मिस्त्रींनी डोळे पुसायला रुमाल काढला, पण त्याला अंड्याचा वास येत होता.

"आता ती फळी मोकळी झाली असेल ना?" बायको म्हणाली. "मग जाताना घ्या. दोन महिने डबे जमिनीवर आहेत."