दरवाजा वीतभर उघडला

नामुलोंगा धरणावर आजवर एकच कायदा. पाणी लाल रेघेला टेकलं की दरवाजे सताड उघडायचे, तोवर बंद. गेल्या साली असेच सारे दरवाजे एकदम उघडले आणि नदीकाठचा लुयांडोच्या आईचा भोपळ्यांचा मळा वाहून गेला. धरणावरची इंजिनिअर कोण, तर तिचीच लेक!

यंदा लुयांडोने दरवाज्यांच्या यंत्राला नवी रीत शिकवली होती. तीत 'भरलं' आणि 'नाही भरलं' यांच्या मधलंही सगळं होतं. पाणी बरंचसं, वर पाऊस मध्यम, तर दरवाजा थोडासा उघडावा, असे साध्या बोलीतले नियम. दरवाजे चालवणाऱ्यांना विचारूनच तिने ते बांधले. 'बरंचसं' म्हणजे किती यावर ते भांडले, तेव्हा तिने सगळ्यांचीच मापं घेतली. कुणाचं थोडं खरं, कुणाचं जास्त.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा नेहमीसारखं गाऊन प्रवचन करत होते. ते म्हणायचे, "त्याची दया..." आणि मंडळी उचलून धरायची, "हळूहळू पाझरते!" डोंगरात पाऊस लागल्याचं कळलेली लुयांडो मात्र साथ न देताच उठून निघाली.

ती धरणावर पोचली. पाणी रेघेच्या बरंच खाली, तरी यंत्राने दरवाजा वीतभर उचलला होता. धरणाचे मुख्य सियामुंजोसाहेब यंत्र बंद करायच्या बटणापाशीच उभे. पाऊस थांबला तर कोरड्या महिन्यांत विजेला पाणी कुठून आणायचं, हा त्यांचा घोर.

"पोरी, हे यंत्र आहे की माझी सासू? धड हो नाही, धड नाही नाही."

"सासूबाईंचं ऐकून कधी तोटा झालाय का, साहेब?"

साहेब हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत बघतो, मग जुनीच रीत, एवढं म्हणाले.

पाऊस वाढत गेला. यंत्र दरवाजा उचलत गेलं, पण जरा जरा. ऊन कललं तेव्हा डोंगरात उघडीप झाल्याचा निरोप आला. तळं भरत आलं होतं आणि लाल रेघ कोरडी होती. साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"राहू दे तुझी सासू," म्हणाले.

लुयांडो नदीकडे धावत सुटली. आई घोटाभर पाण्यात उभी होती. खालची एक ओळ बुडाली होती, पण पाणी इतकं सावकाश चढलं की तिथले भोपळे आईच्या हातांनी आधीच काठावर येऊन बसले होते. वरचा मळा जागच्या जागी.

आईने लेकीला एक भोपळा दिला आणि दुसरा उचलता उचलता गुणगुणली, "त्याची दया..."

या खेपेला लुयांडोने उचलून धरलं.

"हळूहळू पाझरते!"