डावीकडची जागा

लोह्याच्या पुढं चढावर गाडीचं इंजिन नुसतंच ओरडू लागलं, गाडी काही पुढं सरकेना. सिंधुबाईंचा पुतण्या ज्ञानोबा घाम पुसत म्हणाला, "काकू, गिअरबॉक्स बसला वाटतं."

गाडी ओढत नांदेडला नेली. साहेबराव मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेऊन हुंगलं. काळं झालं होतं, जळका वास मारत होतं.

"ताई, विकायची असंल तर तेल अन् सील बदलून देतो, थोडे महिने निघतील. ठेवायची असंल तर मात्र पुरा खोलून, आतल्या प्लेटा बदलून नव्यानं बांधावा लागंल. सामान हैदराबादहून येईस्तोवर गाडी हितंच राहील."

"विकून टाका काकू," ज्ञानोबा हळूच म्हणाला. "मी पावसाळ्यात पुण्याला चाललो. मागून चालवणार कोण?"

सिंधुबाई सवयीनं डाव्या बाजूचं दार उघडून आत बसल्या.

त्यांच्या यजमानांचा, रामकिशनरावांचा, डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. क्लच दाबणं जमायचं नाही, म्हणून हौसेनं ही जुनी ऑटोमॅटिक घेतली. तहसिलीतल्या कारकुनाला असली गाडी कशाला, म्हणून गावची, चाकूरची माणसं हसली. पण जन्मभर दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसलेले रामकिशनराव पहिल्याच रविवारी बायकोला शेजारी बसवून कंधारला, तिच्या माहेरी घेऊन गेले. गिअर टाकायचा नसे, त्यामुळं सरळ रस्त्याला त्यांचा डावा हात तिच्या हातावर असे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. सिंधुबाईंना आता सगळ्यात जास्त आठवायचा तो त्या हाताचा भार. गाडीत बसलं की तो क्षणभर परत आल्यासारखा वाटे, अन् मग जीव कासावीस होई.

गाडी विकली तर ही जागाही गेली. ठेवली अन् दारात उभी राहिली, तरी ती गेल्यासारखीच.

त्या खाली उतरल्या. "पुरा बांधा, साहेबराव."

"पण चालवणार कोण काकू?"

"मी. तू जायच्या आत शिकव."

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातुरात रेल्वेनं पाणी येत होतं. गाडी बांधून आली तेव्हा गावाबाहेरचा तलाव पार आटला होता. त्याच्या भेगाळल्या तळात ज्ञानोबानं काकूला शिकवलं. शेळ्या राखणाऱ्या सरजाबाई काठावरून ओरडायच्या, "सिंधुबाई, वळवा वळवा!" सिंधुबाई वळवायच्या, कधी बांधाला धडकायच्या, पुन्हा मागं घ्यायच्या.

लायसन हाती आल्यावर एका सकाळी त्या एकट्याच कंधारला गेल्या. भावजय शिवकन्या दारात आली अन् गाडीत डोकावून दुसरं कुणी दिसतंय का बघू लागली.

"कुणी आणलं वन्सं?"

"माझी मीच आले."

शिवकन्येनं सगळी गल्ली गोळा केली. चहा झाला, कौतुक झालं. अहमदपूरच्या गर्दीत ट्रक कसा आडवा आला अन् आपण गाडी कशी काढली, हे सिंधुबाईंनी सगळ्यांना सांगितलं. हे सगळं ज्या एका माणसाला सांगावं असं रस्ताभर वाटत होतं, तो तिथं नव्हता.