चाबी नितूच्या हातात

गाडी जुनीच, पण आमच्यासाठी नवी. अकोल्यात घेतली आणि अमरावतीकडे निघालो. विकणाऱ्यानं रिमोटचं एक बटण दाबून दाखवलं होतं. चारही दारं आणि डिक्की, एकदमच टक्!

सासूबाई खूश. "एकाले म्हनलं का सारे आयकतेत. आपल्या घरात असं काई नाई, बाई!"

मूर्तिजापूरच्या अलीकडे मारुतीच्या पारापाशी त्यांनी कुलदीपला, माझ्या नवऱ्याला, गाडी थांबवायला लावली. आमच्याकडे रीतच आहे ती. नव्या वस्तूला पहिला हात घरातल्या सगळ्यात लहानाचा. नारळ फुटेपर्यंत चाबी लेकराच्याच मुठीत राहिली पाहिजे. मागच्या सीटवर बसलेल्या नितूला त्यांनी चाबी दिली. माझा दोन वर्षांचा पोरगा ती गालाला लावून हसला. दुसरी चाबी माझ्या पर्समध्ये, आणि पर्स त्याच्या शेजारी. बाहेर मे महिन्याच्या झळा. त्या आत जाऊ नयेत म्हणून उतरल्यावर दार मीच लोटलं.

नारळ फुटला आणि मागे टक् झालं.

मी हँडल ओढलं. पलीकडचं ओढलं. पुढची दोन्ही. डिक्कीही बंद, आणि टायर खोलायचा पाना तिच्यातच. काचेआड नितू खुशीत होता.

"खालचं बटण दाब, राजा. खालचं!"

त्यानं वरचंच दाबलं. टक्. त्याला आवाजाची गंमत वाटली. पुन्हा टक्.

"दगड पाह्य, रागिणी, दगड!" कुलदीप ओरडला. पण त्या काळ्या रानात दगड कुठला? नुसती ढेकळं, हातात घेतली की भुगा. कुणाकडे लोखंडी दांडा मिळतो का बघायला तो ट्रक अडवायला धावला. सासूबाईंनी पाराचीच वीट उपसली आणि पुढच्या काचेवर हाणली. विटेचे तुकडे झाले, काचेला ओरखडा.

"तुया पाराची वीट हाय रे," त्या मारुतीकडे वळून ओरडल्या, "थे बी अशी फुसकी?"

नितूचं हसू गेलं होतं. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. तो काचेशी उभा राहिला आणि चाबी माझ्याकडे धरली. 'घे.' आवाज आला नाही, ओठ तेवढे दिसले. मी पलीकडून काचेवर हात ठेवला. काच पोळत होती. मी घेत का नाही, हे त्याला कळेना.

मग मला खुंटी दिसली. काचेच्या कडेला प्लास्टिकची बारकी खुंटी असते, कुलूप लागलं की खाली बसते. ती वर ओढली की तेवढं एक दार चाबीशिवाय सुटतं. मी दोन बोटांनी हवेत ओढून दाखवलं. "वर, बाळा! बाटलीचं बूच काढतोस ना, तसं!"

एका हातानं मी हँडल ओढून धरलं होतं, तो कधी ओढतो म्हणून.

त्यानं ओढली. खुंटी वर आली, पण दार हललं नाही. तेवढ्यात दुसऱ्या मुठीतलं बटण दाबलं गेलं. टक्. गाडीनं खुंटी परत आत ओढून घेतली.

"चाबी टाक, नितू! टाकून दे!"

त्यानं टाकली नाही, ती हातातून गळाली. तो सीटवर बसला. डोळे मिटायला लागला.

"नितू! झोपू नको रे!" मी काच बडवली, नाचले, त्याच्या आवडीचं भू-भू केलं. सासूबाईही माझ्या बाजूला येऊन भुंकायला लागल्या. तो कसाबसा उठला, खुंटीला लटकला. ती पुन्हा वर आली. मी जीव खाऊन हँडल ओढत होते आणि दार तसंच.

घरातलं लोखंडी कपाट आठवलं. हँडल आधीच ओढून धरलं की त्याची चाबी फिरत नाही.

मी हात सोडला. पोरगाच सोडतेय असं वाटलं. मग पुन्हा ओढलं.

दार आलं. आतली वाफ तोंडावर आली आणि नितू माझ्या अंगावर पडला, भिजलेल्या फडक्यासारखा. सासूबाईंनी देवाजवळची कळशी त्याच्या डोक्यावर ओतली, पदर ओला करून ओठांवर पिळला. कुलदीप दांडा घेऊन पळत आला आणि तसाच उभा राहिला.

काहीच होईना. नुसता श्वास, पातळ.

मग त्यानं घोट गिळला, तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. मी सवयीनं त्याला थोपटायला लागले.

"राहू दे वं," सासूबाईंनी माझा हात धरला. "रडू दे त्याले. कोनी उगी करू नका."