पितळी गडवा

"मामाजी, हे पाहा. इथं लोक हौसेनं बुडी मारतात," म्हणत जावयानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर एक बाई पाण्याखाली होती. केस वर पसरलेले. चष्म्याच्या काचेआड डोळे उघडे. एका माणसानं तिचा हात धरला होता. मी खाटेवरून उठलो आणि अंगणात येऊन उभा राहिलो.

अमर मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. ते जहाज वेस्ट इंडीजकडच्या बोनेर बेटाला लागतं. यंदा घरच्यांना सवलतीत नेता येणार होतं, म्हणून तो आणि माझी मुलगी दिपाली माझ्याकडे मुकुटबनला आले होते. पाण्याखालची पोवळी, रंगीत मासे, मग निवडुंगाचं जंगल, गुलाबी पक्ष्यांचं तळं, असं सगळं त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझा पासपोर्टही काढला होता. मी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

मी विहिरीत बुडी मारणारा. कुणाची पाण्याची मोटार पडली, बादली पडली की मला बोलावत. कापसाची वाईट वर्षं आली आणि विहिरीत जीव दिलेली माणसं काढायची वेळ आली. माणूस काढून आलो की मथुरा, माझी बायको, मला उंबऱ्याबाहेर थांबवायची. कडुनिंबाचा पाला टाकलेलं पाणी पितळी गडव्यानं डोक्यावर ओतायची. "या आता घरात," म्हणायची. मग मला भूक लागायची.

मागच्या पोळ्याच्या आधी फवारणीसाठी पाणी ओढताना तिचाच पाय घसरला. लोक म्हणाले, पांढरकवड्याहून दुसरा माणूस आणू. मीच उतरलो. विहिरीत डोळ्यांचा उपयोग नसतो, गाळात हातानं पाहावं लागतं. बांगड्या लागल्या तेव्हा कळलं. घरी आलो आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी कुणीतरी हाताला धरून आत नेलं. तेव्हापासून मी पाण्यात उतरलेलो नाही.

दिपाली माझ्यामागं अंगणात आली.

"पाण्याच्या खाली कोणी मजा कराले जाते काय?" मी विचारलं.

"जातात, बाबा. तिथं तळ दिसते."

"दिसते?"

"वरूनच दिसते. चाचपा लागत नाही."

सगळं आयुष्य पाण्यात गेलं, आणि पाण्याखाली दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

अमर दारातून म्हणाला, "मामाजी श्वासाची नळी नको म्हणतीन, तं शिकवणारा गोराच भेऊन पळीन."

दिपाली हसली. मलाही थोडं हसू आलं. मग मी विचारलं, "वर आल्यावर पाणी कोण टाकीन?"

अमर सांगू लागला, किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे फवारे असतात, पैसेसुद्धा पडत नाहीत. दिपालीनं त्याला हातानं थांबवलं. ती आत गेली. फळीवरचा गडवा काळा पडला होता. तिनं तो चिंचेनं घासला, पदरानं पुसला आणि माझ्या धोतरात गुंडाळून बॅगेत ठेवला.

मी कडुनिंबाची एक डहाळी मोडली आणि सावलीत वाळत टाकली.