कप्तान दोकला मारू नका

मालिकेत कुणी मरायचं हे पूर्वी प्रेक्षक ठरवायचे. सोमवारी भाग लागायचा, मंगळवारी बायका नेटवर रडायच्या, बुधवारी बांगबाई मेलेल्याला कोमातून उठवायच्या आणि गुरुवारी त्याचे संवाद सेटवर गरमागरम पोचायचे. बांग मी-रान आमच्या मुख्य लेखिका. मी त्यांच्या हाताखाली. अवकाशाचं सगळं ज्ञान माझ्याकडे, कारण इतर कुणी ते घ्यायला तयार नव्हतं.

आता ऑनलाइन कंपनीला आमच्या नव्या अंतराळमालिकेचे आठही भाग आधी लिहून, आधी चित्रित करून, एकाच दिवशी दाखवायचे होते. म्हणजे रडायलाच सवड नाही. माणूस रुमाल शोधेपर्यंत पुढचा भाग सुरू.

याचा फटका बसला प्यो दल-सू काकांना. जन्मभर सासऱ्यांच्या भूमिका केल्या, आणि आता उतारवयात थेट अंतराळयानाचे कप्तान दोक. फक्त तिसऱ्या भागाच्या शेवटी कप्तान दोकला कुणीतरी यानाबाहेर ढकलणार होतं. अख्खं रहस्य त्यावरच उभं होतं.

"चौथ्या भागात मी कोमात ना?" काकांनी मला गाठून विचारलं.

"अंतराळात कोमा नसतो, काका."

"का? कोमाला हवा लागते?"

मी ते वहीत टिपून घेतलं.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "या वयात यान मिळालं. दुसरं मिळायचं नाही. बायकोने चुसोकच्या सणाला सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय, शेवटपर्यंत हेच चालवणार म्हणून."

"लिहून झालंय, काका."

"लिहिलेलं कधीपासून अडवायला लागलं?"

पाजू शहरातल्या स्टुडिओत शूटिंगचा पहिला दिवस. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मुहूर्ताच्या पूजेला यानासमोर पाट मांडून डुकराचं मुंडकं ठेवलं होतं, पत्रकार आले होते, सगळे ओळीने नमस्कार घालत होते. तेवढ्यात कॉफीची गाडी आली. नटांचे चाहते अशा गाड्या पाठवतातच. ही काकांबरोबर डोंगर चढणाऱ्या मित्रमंडळींनी पाठवली होती. वर हा भला मोठा फलक: 'लेखिकाबाई, कप्तान दोकला तिसऱ्या भागात मारू नका!'

पत्रकारांनी आधी फोटो काढले, मग कॉफी घेतली. कॉफी निवायच्या आत देशभर कळलं.

ऑनलाइन कंपनीचा माणूस, ताक आडनावाचा, धावत आला. "बाई, रहस्य फुटलं!"

"कुठलं?"

"एकच होतं!"

काका मुंडक्याशेजारी मान खाली घालून उभे. दोघांत डुक्कर जास्त प्रसन्न दिसत होतं.

"पूर्वी असा फलक लावला की माणूस वाचायचा हो," काका पुटपुटले.

"यांना काढा," ताक म्हणाला. "दुसरा नट घ्या, दुसऱ्या कुणाला तरी मारा."

"मित्र प्रत्येकालाच असतात रे," बांगबाईंनी कॉफीचा घोट घेतला. "लोकांना कळलंय ना? मग आपणच सांगून टाकू. पहिल्याच मिनिटाला मारायचं."

"आणि मग आठ भाग करायचं काय?"

"दर भागात तेच मरण. एकदा डॉक्टरणीने पाहिलेलं, एकदा यंत्रमानवाने पाहिलेलं. प्रत्येकाचं वेगळं. खरं काय ते शेवटी."

ताक थरारला. "बाई, ही तर कथनाची संपूर्ण नवी रचना आहे!"

"माझ्या जुन्या मालिकेत सासूची कानातली हरवली तेव्हा मी पाच सुनांकडून महिनाभर हेच करून घेतलं होतं. तेव्हा तुमच्यासारखे म्हणायचे, बाई पाणी घालतात."

काकांनी हळूच हात वर केला. "म्हणजे मी मरतोच?"

"प्रत्येक भागात."

"शेवटच्याही?"

"शेवटच्यात दोनदा."

काकांनी तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "अगं ऐक, सगळ्या भागांत मरतोय! नाही, नाही, काढलं नाही, वाढवलं!"

दुसऱ्या दिवशी नवे संवाद हातात पडताच ते माझ्याकडे आले, भुवया ताणून.

"सहाव्या भागात मी लांबून मरतो. नुसते बूट दिसतात. हे कुणी लिहिलं?"

"मी, काका."

"बूट कुणाचेही असतात, बाळ."

मी पेन काढून कप्तानाला उलटं ढकललं, चेहरा कॅमेऱ्याकडे.