दाराला हात

कोर्टाने पाठवलेल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या पुरुषांच्या बंद वॉर्डात पैलवान नऊ वर्षं होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. आज त्याची तिसरी परीक्षा होती. सरावाच्या खोलीत एकट्याने जायचं आणि चहा करायचा. जमलं, तर बहीण त्याला घरी नेणार होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. पैलवान त्याच्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला, तो उभाच. दहा मिनिटं गेली. थेरपिस्ट बाईंनी मागच्या दोन्ही वर्षांसारखंच लिहायला घेतलं, ‘स्वतःहून काही सुरू करत नाही.’ मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "काय रे, आत का जात नाहीस?"

"दाराला हात लावायचा नाही ना, बाई! तुम्हीच शिकवलंत. लाल हाताचं चित्र दाखवून."

बाईंना आठवलं. पहिल्या वर्षी महिनाभर घोकून घेतलं होतं आणि जमल्यावर त्याच्या शर्टावर चांदणी चिकटवली होती. तो धडा पुसायचा मात्र राहूनच गेला. त्यांची मान खाली गेली.

"चुकलं का माझं?"

"नाही रे राजा, माझं चुकलं. दोन वर्षं... उघड ते दार."

पैलवानाने दाराला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "ताईला सांगू नका हं."

"सांगणार," बाई म्हणाल्या. "पण चुकलं म्हणून नाव माझंच."

मग त्याने दार ढकललं.