उकळत्या पाण्यातले हात

या मंडळी, असे जवळ सरका. थायलंडच्या ईसान भागातल्या एका गावची गोष्ट सांगतो. भीतीची आहे, पण मधेच उठू नका.

खामपूयआजीच्या हातांना पूर्वपुण्य आहे, असं सगळं गाव म्हणे. रेशमाचे कोष पाण्यात रटरटत असत. बाकीच्या बायका काडीनं धागा उचलायच्या. आजी खुशाल बोटं बुडवून गुंता सोडवायची.

"बोटं आहेत का पळ्या गं तुझ्या?" शेजारची थोंगमा चिडवायची.

"तू कशाला जळतेस? जळायला माझे हात आहेत की!"

एका सकाळी आजीची लेक बुआलाय चुलीपाशी आली आणि जागीच थिजली. तिची छोटी काओ पातेल्यात बोटं घालून कोष काढत होती. बोटावर टरारून फोड आलेला, आणि पोर हसत होती!

"दुखत नाही?"

"नाही गं आई. बघ, आजीसारखं!"

बुआलायची नजर पोरीच्या बाहीकडे गेली. पोरीच्या कोपराखालचा फिका चट्टा नायटा म्हणून ती हळद चोळून बाहीखाली झाकत होती. आता पलीकडच्या आळीत एकाला महारोग निघाला होता, आणि आरोग्यसेवक विहाराबाहेर बसून घरोघरची माणसं तपासत होता. तिच्या लहानपणी असाच एकजण निघाला, तेव्हा गावानं त्याला शेतापलीकडच्या झोपडीत टाकलं. चिकट भाताची टोपली काठीनं पुढे सरकवायचे. एक दिवस टोपली भरलेलीच राहिली.

"आई, हिला तुतीच्या मळ्यात लपवते. तो माणूस जाईपर्यंत."

"लपवतेस कशाला? देणगी आहे ती! माझेच हात घेऊन आलीय पोर..."

बोलता बोलता आजी थांबली. म्हातारपणावर ढकललेल्या आपल्या वाकड्या करंगळीकडे तिनं पाहिलं. तिच्यात नख रुतवलं. आणखी जोरात. रक्त आलं.

"बुआलाय," ती कुजबुजली, "हे माझ्यापासून गेलं का गं हिला?"

आजीनं नातीचा हात धरला आणि विहाराची वाट धरली.

"आई, थांब! पोरीला घेऊन जातील गं!"

विहारात भिक्खू सुरात प्रवचन गात होते; बुद्धानं पूर्वजन्मी राजपुत्र असताना आपली लेकरं दान दिल्याचा अध्याय होता, बायका डोळे पुसत होत्या. बाहेर आंब्याखाली आरोग्यसेवक बुनसोंग अंगाला स्पर्श कळतो का ते बघायला कोंबडीचं पीस घेऊन बसलेला.

"आधी माझं बघ बाबा. मग हिचं."

आजीनं डोळे मिटले, हात पुढे केला. वाट पाहिली.

"लाव की रे पीस."

"लावून झालं, आजी."

प्रवचनाला आलेली थोंगमा दोन पावलं मागे सरली. मग काओच्या चट्ट्यावरून पीस फिरलं, तिलाही कळलं नाही. मागोमाग आलेल्या बुआलायनं काओला छातीशी आवळलं. "नेणार हिला?"

"कुठे नेऊ? घरी राहील, शाळेत जाईल. गोळ्या सुरू झाल्या की हा रोग दुसऱ्याला लागत नाही. वेळेवर आणलीत, बरी होईल पोर. आता तुझंही अंग बघू दे. घरातल्या सगळ्यांचंच बघायचं."

"आणि माझी बोटं?" आजीनं विचारलं.

"रोग थांबेल, आजी, पण गेलेला चटका परत येणार नाही," बुनसोंग गोळ्यांचं पाकीट उघडत म्हणाला.

संध्याकाळी अंगणात कोणी शेजारी फिरकलं नाही. आजी कोपऱ्यात केळीच्या पानावर आपला भात वेगळा घेऊ लागली. बुआलायला भीती वाटत होतीच. तरी तिनं ते पान उचललं आणि सगळ्यांच्या भाताची टोपली आईच्या हातात दिली.

मंडळी, कधी गरम भांड्याला हात लागून झटकन मागे आला, तर त्या चटक्याला नमस्कार करा. आणि साऱ्या गावादेखत नातीच्या आधी हात पुढे करणाऱ्या खामपूयआजीची आठवण ठेवा.